जीवनसत्त्वांची सरहद्द

दोन शेजारी राष्ट्रांची तुलना करणे हा जितका मोहक तितकाच फसवा उद्योग आहे. कारण ज्या दोन मुलुखांची हवा, नद्या, पिके, गुरेढोरे आणि स्वयंपाकघरातील रीतिरिवाज शतकानुशतके एकमेकांत मिसळलेले होते आणि ज्यांच्यामध्ये एका विशिष्ट तारखेस सरकारी हुकुमाने रेषा आखली गेली, त्यांच्यातील तफावत मोजावयास बसलेला मनुष्य आपण निसर्ग मोजीत आहोत, कायदा मोजीत आहोत, की मोजणाऱ्या खात्यांच्या निरनिराळ्या सवयी मोजीत आहोत, हे स्वतःस क्वचितच विचारतो. भारत आणि पाकिस्तान यांच्या नागरिकांना त्यांच्या नित्याच्या पेयांतून किती जीवनसत्त्वे लाभतात, हा प्रश्न वरवर पाहता आहारशास्त्राच्या कोष्टकांनी सुटण्याजोगा वाटतो. दूध किती, चहा किती, रस किती, त्यांत अमुक जीवनसत्त्व किती, आणि लोकसंख्येने भागले असता दरडोई किती, एवढा त्रैराशिकाचा हिशेब मांडला की विजयी राष्ट्र कोणते ते जाहीर करता येईल, अशी आपली समजूत असते. प्रस्तुत लेखाचे प्रतिपाद्य असे की हा हिशेब जेथून सुरू होतो तेथे जीवनसत्त्व अद्याप कोणाच्याही पोटात गेलेले नसते, आणि जेथे ते पोटात जाते किंवा वाटेतच नाहीसे होते तेथे दोन्ही राष्ट्रांचे कारकून अजून पोहोचलेले नाहीत.

हा प्रश्न दिल्लीहून किंवा इस्लामाबादेहून न पाहता मध्य रेल्वेवरील कोपर या लहानशा स्थानकावरून पाहावा, असे मी सुचवितो, आणि त्यास सबळ कारण आहे. दिवा आणि डोंबिवली यांच्या दरम्यानचे हे स्थानक दोन मजली म्हणावे असे आहे: खालून मुंबई-कल्याणच्या लोकलगाड्या धावतात, तर वरच्या अंगाने भिवंडी, खारबाव, कामणवरून वसईस जाणारा दिवा-वसई मार्ग त्यांना ओलांडून जातो. आसमंतात आगरी-कोळ्यांची जुनी गावे, त्यांची भातशेती गिळून उभ्या राहिलेल्या चाळी आणि इमारती, पलीकडे उल्हास नदीची खाडी, आणि फलाटावर पहाटेपासून मुंबईकडे निघालेला नोकरदार. याच स्थानकात कल्याणच्या दिशेने अंबरनाथकडे जाणाऱ्या गाडीत बसले, तर डोंबिवली, ठाकुर्ली, कल्याण आणि विठ्ठलवाडी सोडून पाचवे स्थानक येते ते उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात लष्करासाठी उभारलेल्या कल्याणच्या छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या नव्वद हजारांहून अधिक निर्वासितांना आसरा देण्यात आला, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर-जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची स्थापना झाली. ज्याला आपण शेजारचे राष्ट्र म्हणतो, त्यातील एका प्रांताची पाकपरंपरा अशा रीतीने कोपरपासून पाच स्थानकांवर येऊन वसली आहे.

त्या परंपरेतील उन्हाळी पेय म्हणजे थादल. खसखस, बदाम, मगजबी, बडीशेप, वेलची, मिरी आणि गुलाबाच्या पाकळ्या भिजवून, वाटून, गाळून दुधात किंवा पाण्यात मिसळलेले हे सिंधी पेय उल्हासनगरातही होते आणि सिंधमधील हैदराबाद शहरातही होते. बदामातून ई जीवनसत्त्व येते, दुधातून बी-२ आणि बी-१२ येतात. पण थादलचा हा पुरवठा कोणत्या राष्ट्राच्या रकान्यात लिहावा, याचे उत्तर तो पेला कोठे भरला एवढ्यावरच अवलंबून आहे, पेल्यातील पदार्थावर मुळीच नाही. रूह अफजाची कथाही याच जातीची. हकीम हाफीज अब्दुल मजीद यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दिल्लीत सुरू केलेल्या हमदर्द दवाखान्याचे हे सरबत. फाळणीनंतर वडील पुत्र हकीम अब्दुल हमीद दिल्लीत राहिले, धाकटे हकीम मोहम्मद सईद १९४८ मध्ये कराचीस गेले, आणि तेव्हापासून एकाच नावाचे लाल सरबत दोन राष्ट्रांत विकले जाऊ लागले. रमजानच्या सायंकाळी ते दोन्हीकडे दुधात मिसळले जाते. त्यातील साखर दोन्हीकडे सारखीच गोड आहे, आणि जीवनसत्त्वांच्या दृष्टीने जे काही मोल त्या पेल्यास आहे ते त्यात ओतलेल्या दुधाचेच आहे.

पेय निवडताना राष्ट्रे कोणत्या कसोट्या लावतात, याचा एक मासला अलीकडेच पाहावयास मिळाला. २०१९ च्या जानेवारीत पाकिस्तान सरकारने राष्ट्रीय पेय कोणते असावे याविषयी समाजमाध्यमावर कौल मागितला. उमेदवार तीन होते, संत्र्याचा रस, गाजराचा रस आणि उसाचा रस. संत्र्यात क जीवनसत्त्वाची समृद्धी आहे, गाजरात अ जीवनसत्त्वाचे पूर्वरूप असलेले कॅरोटीन आहे, आणि उसाच्या रसात प्रामुख्याने पाणी व साखर आहे. जनतेने मोठ्या बहुमताने उसाला विजयी केले. यावर हसण्याचा अधिकार आपल्याला फारसा नाही; ज्या महाराष्ट्रात चौकाचौकांत घुंगरांच्या नादावर रसवंतीचा चरक फिरतो, तेथील कौल निराळा लागला असता असे छातीठोकपणे कोण सांगेल? आणि आपल्या सरकारची कथा तरी काय होती? नियोजन मंडळाचे तत्कालीन उपाध्यक्ष माँटेकसिंग अहलुवालिया यांनी २०१२ मध्ये आसामात चहाला राष्ट्रीय पेयाचा दर्जा देण्याची घोषणा केली. दूधवाल्यांनी आक्षेप घेतला, दर्जा काही मिळाला नाही, आणि या संपूर्ण वादात कोणते पेय मुलाच्या डोळ्यांना, रक्ताला किंवा हाडांना काय देते हा मुद्दा अभिमान आणि व्यापार यांच्या मागे तिसऱ्या रांगेत उभा राहिला. एका देशाने ऊस निवडला, दुसऱ्याने चहाचा विचार केला, आणि दोघांनीही जीवनसत्त्वांच्या दृष्टीने सर्वांत दरिद्री असे पेय पुढे काढले, हे साम्य कोणत्याही तफावतीपेक्षा अधिक बोलके आहे.

आता दुधाकडे वळावे, कारण पेयांतून मिळणाऱ्या जीवनसत्त्वांचा विचार या उपखंडात अखेर दुधापाशीच येऊन थांबतो. भारताचे दुग्धोत्पादन २०२३-२४ या वर्षी सुमारे २३ कोटी ९३ लाख टन झाले आणि दरडोई उपलब्धता दिवसाला ४७१ ग्रॅम ठरविण्यात आली. पाकिस्तानची लोकसंख्या २०२३ च्या जनगणनेनुसार २४ कोटींच्या थोडी वर आहे, आणि त्याचे दूध साडेसहा कोटी टनांहून अधिक. म्हणजे माणशी वाटा भारताहून बराच मोठा. परंतु हे दोन आकडे शेजारी शेजारी मांडताच एक गंमत लक्षात येते. पाकिस्तानची आर्थिक पाहणी एकूण उत्पादन आणि माणसांच्या उपयोगास येणारे दूध असे दोन निराळे रकाने करते, आणि गाय-म्हशींच्या दुधातून वाहतुकीतील नासाडीपोटी १५ टक्के व वासरांच्या वाट्यापोटी ५ टक्के वजा घालते. भारतातील दरडोई उपलब्धता मात्र एकूण उत्पादनास लोकसंख्येने भागून काढलेली असते. वासरू किती प्याले, किती नासले, किती दुधाचा खवा आणि मिठाई झाली, याची वजावट त्या भागाकारात नाही. सरकारी दफ्तरातील एका वजाबाकीने पाकिस्तानचा आकडा जवळजवळ पाचव्या हिश्शाने बदलतो. ती वजावट करूनही पाकिस्तानी नागरिकाच्या वाट्याला दिवसाला सहाशे ग्रॅमच्या घरात दूध येते, आणि तेव्हा भारतीय अभिमानाने पाहणाऱ्याने मान खाली घालावी असेच कोष्टक सांगते.

आणि तरीही रक्ताचा साक्षीपुरावा नेमका उलट आहे. भारताच्या २०१६-१८ च्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण पाहणीत एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्क्यांत अ जीवनसत्त्वाची आणि १४ टक्क्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. पाकिस्तानच्या २०१८ च्या राष्ट्रीय पोषण पाहणीत पाच वर्षांखालील मुलांत हेच प्रमाण अनुक्रमे ५१.५ आणि ६२.७ टक्के निघाले. ज्याच्याकडे दूध अधिक त्याच्या मुलांच्या रक्तात जीवनसत्त्व कमी, हा विरोधाभास पाहून उतावीळ लेखक दोन निष्कर्षांपैकी एक काढील: एक तर दूध निरुपयोगी, नाही तर पाकिस्तानचे आकडे खोटे. दोन्ही निष्कर्ष चुकीचे आहेत. भारतीय पाहणीने रक्तातील ड जीवनसत्त्व मिलिलिटरमागे १२ नॅनोग्रॅमखाली असेल तरच कमतरता मानली; पाकिस्तानी पाहणीची मर्यादा २० नॅनोग्रॅमपर्यंत जाते. म्हणजे ज्या मुलाच्या रक्तात १५ नॅनोग्रॅम आहेत, ते मूल उल्हासनगरात निरोगी आणि कराचीत कमतरताग्रस्त ठरते, जरी दोघांच्या आजोबांचे घर एकाच गल्लीत असले तरी. अ जीवनसत्त्वाच्या बाबतीत भारतीय पाहणीने दाहाची लक्षणे असलेली मुले हिशेबातून वगळली होती, कारण ताप किंवा संसर्ग असताना रक्तातील त्या जीवनसत्त्वाची पातळी तात्पुरती खाली येते. शिवाय भारतात १९७० पासून लहान मुलांना अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस तोंडाने देण्याची राष्ट्रीय योजना आहे आणि पाकिस्तानातही पोलिओच्या मोहिमांबरोबर अशा मात्रा दिल्या गेल्या आहेत. तेव्हा मुलाच्या रक्तातील अ जीवनसत्त्व पेल्यातून आले की परिचारिकेच्या चमच्यातून, हे रक्त सांगत नाही. आणि ड जीवनसत्त्वाचा मुख्य स्रोत तर पेय नव्हेच, ते ऊन आहे. मोजपट्ट्या निरनिराळ्या, औषधयोजना निरनिराळ्या, आणि ज्या द्रव्याचा न्यायनिवाडा करावयाचा ते मुख्यत्वे त्वचेतून येणारे. इतक्या गोष्टी एकत्र झाल्यावर पेयांचा म्हणून जो निष्कर्ष उरतो, तो जवळजवळ शून्य आहे.

मग दुधाचे जीवनसत्त्व जाते कोठे? ते कासेपासून ओठांपर्यंतच्या वाटेत घटत जाते, आणि ही वाट आपल्या मुंबई-ठाणे परिसराने जितकी बदलली तितकी फार थोड्या शहरांनी बदलली असेल. १९४९ मध्ये आरे येथे दुग्धवसाहत वसविण्यात आली आणि त्या कार्याचे धुरीण दारा खुरोडी यांना १९६३ मध्ये व्हर्गीस कुरियन व त्रिभुवनदास पटेल यांच्यासह मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हशीच्या सायीच्या दुधात पाणी आणि दूधभुकटी मिसळून स्वस्त असे टोन्ड दूध बनविण्याची युक्ती खुरोडी यांच्याच काळातील. गरिबाच्या घरी दूध पोहोचावे हा तिचा हेतू निःसंशय लोककल्याणकारी होता. परंतु म्हशीच्या दुधातील सहा-सात टक्के स्निग्धांश टोन्ड दुधात तीन टक्क्यांवर आणि डबल टोन्डमध्ये दीड टक्क्यावर येतो, आणि अ व ड ही जीवनसत्त्वे स्निग्धांशात विरघळणारी असल्याने ती त्याच प्रमाणात वजा होतात. प्रथिने आणि कॅल्शियम गरिबापर्यंत पोहोचले, अ जीवनसत्त्व मात्र वाटेत उतरले. बी-२ उष्णतेस बऱ्यापैकी टिकते, पण उजेडात नष्ट होते. म्हणून काचेच्या बाटल्या उन्हात राहिल्या की त्याचे नुकसान होई. वारंवार उकळण्यात बी-१२ आणि फोलेट यांचा काही अंश जातो. हे सारे घडते ते दूध कोष्टकात नोंदले गेल्यानंतर.

ही वजाबाकी भरून काढण्यासाठी कायद्याने एक पाऊल उचलले आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार पुरवणीयुक्त दुधात दर लिटरमागे २७० ते ४५० मायक्रोग्रॅम अ जीवनसत्त्व आणि ५ ते ७.५ मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घातलेले असावे, आणि अशा पिशवीवर विशिष्ट बोधचिन्ह छापावे, असे ठरले. मात्र दूधसंस्थांवर ते बंधनकारक नाही, ही ऐच्छिक मुभा आहे. आता या मुभेचा हिशेब पेल्यापर्यंत नेऊ. दोनशे मिलिलिटरच्या पेल्यातून एक ते दीड मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व मिळेल. प्रौढ माणसाची शिफारस केलेली दैनिक गरज १५ मायक्रोग्रॅम आहे, म्हणजे पूर्ण पेला प्याल्याने तिचा पंधरावा ते दहावा हिस्सा भागतो. परंतु कोपरच्या फलाटावरून सुटणारा मनुष्य दूध पितो कोठे? तो कटिंग चहा पितो, आणि त्या अर्ध्या पेल्यात चाळीस मिलिलिटर दूध असले तरी पुष्कळ. त्यातून मिळणारे ड जीवनसत्त्व ०.२ ते ०.३ मायक्रोग्रॅम भरेल. ज्या योजनेची घोषणा राजधानीत लिटरच्या मापाने होते, ती स्टेशनाबाहेरच्या टपरीवर थेंबाच्या मापाने पोहोचते. पाकिस्तानात तर बहुतांश दूध गवळ्याकडून सुटेच येत असल्याने कारखान्यात जीवनसत्त्व घालण्याची योजना तेथील सामान्य घराला स्पर्शही करू शकत नाही. आणि आपल्याकडेही ज्या घरी म्हशीचे दूध गोठ्यातून थेट किटलीत येते, त्या घराला हे बोधचिन्ह ठाऊक नाही, जरी त्याच घरी स्निग्धांश अबाधित असल्याने नैसर्गिक अ जीवनसत्त्व अधिक असण्याचा संभव आहे.

चहाची कैफियत याहून गंभीर आहे, कारण तो देतो थोडे आणि अडवितो पुष्कळ. पाकिस्तान आपला जवळजवळ सर्व चहा परदेशातून, मुख्यतः केनियातून आणतो. इतका की २०२२ च्या जूनमध्ये तेथील नियोजनमंत्री अहसान इक्बाल यांनी परकीय चलन वाचविण्यासाठी नागरिकांना दिवसातील एक-दोन पेले कमी करण्याची विनंती केली. लोकांनी तिची यथेच्छ टिंगल केली. मात्र आहारशास्त्राने याच विनंतीस निराळे आणि अधिक चांगले कारण पुरविले असते. चहातील टॅनिन वनस्पतिजन्य अन्नातील लोहाच्या शोषणात अडथळा आणते, आणि जेथे स्त्रियांतील रक्तक्षय ही घरोघरची व्याधी आहे तेथे जेवणाबरोबर चहा घेणे म्हणजे भाजीतून आलेले लोह दाराशीच परतविणे होय. पाकिस्तानात दुधाऐवजी चहात घालावयाची पांढरी भुकटी आणि द्रव इतके बोकाळले की २०१८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयास अशा पाकिटांवर ‘हे दूध नाही’ असे ठळक छापण्याचे फर्मान काढावे लागले. आपल्याकडे त्याचे प्रतिबिंब निराळ्या वस्तूंत दिसले: साखर आणि जीवनसत्त्वे एकत्र कालविलेल्या, मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या भुकट्यांना ‘आरोग्यपेय’ म्हणण्याचा शिरस्ता इतका रूढ झाला होता की एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना बोर्नव्हिटासह अशी सर्व पेये त्या वर्गातून काढण्याची सूचना दिली. एका देशात न्यायालयाने आणि दुसऱ्यात मंत्रालयाने जे केले त्याचा अर्थ एकच: पाकिटावरील नाव आणि पेल्यातील वस्तू यांच्यातील अंतर राज्यसंस्थेला अखेर मान्य करावे लागले.

जी पेये या कोष्टकांत कधी आलीच नाहीत, त्यांचाही विचार येथे करावयास हवा. घुसळणीत अ जीवनसत्त्व लोण्याबरोबर निघून तुपात जाते, परंतु बी-२, बी-१२ आणि कॅल्शियम यांचा मोठा भाग ताकात राहतो. जुन्या ग्रामव्यवस्थेत तूप बाजारात विकले जाई आणि ताक शेजारपाजारी फुकट वाटले जाई. ज्याच्या गोठ्यात जनावर नाही त्याच्याही ताटात ताकाची वाटी येई. पंजाबच्या दोन्ही अंगांना लस्सीची हीच रीत होती. १९७० मध्ये सुरू झालेल्या दूधमहापूर योजनेने शेतकऱ्याला रोख पैसा दिला हे तिचे श्रेय कोणी नाकारू नये. परंतु दूध सकाळीच संपूर्णपणे संकलन केंद्रावर जाऊ लागले तेव्हा घरची घुसळण थांबली आणि भूमिहीनाच्या वाटीतील ताकही थांबले. उत्पादनाचा आकडा चढत राहिला, शेजाऱ्याला मिळणारे ब गटातील जीवनसत्त्व मात्र ज्या वहीत कधी लिहिलेच नव्हते त्या वहीतून मुकाट्याने खोडले गेले. आज तेच ताक डोंबिवलीच्या दुकानात पिशवीतून दाम मोजून मिळते.

दुसरे पेय नीरा. पालघर-वसईच्या बाजूस ताड-शिंदीची झाडे अद्याप आहेत, आणि मुंबईच्या रेल्वे स्थानकांवरील नीरा विक्रीची केंद्रे सामान्य प्रवाशाला परिचित होती. पहाटेपूर्वी उतरविलेल्या ताज्या रसात क जीवनसत्त्व आणि ब गटातील काही जीवनसत्त्वे असतात; मडक्याला आतून चुना लावला किंवा रस थंड ठेवला तर तो गोड राहतो, नाही तर ऊन चढू लागताच आंबून त्याची ताडी होते. आंबविणाऱ्या किण्वामुळे ब गटातील जीवनसत्त्वे वाढतात, हे खरे. पण मद्यार्क त्यांतील बी-१ आणि फोलेट यांच्या शोषणास बाधा आणतो, हेही तितकेच खरे. आपल्या राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने जनतेचे पोषणमान उंचावणे आणि मादक पेयांना बंदी करणे ही दोन्ही कर्तव्ये एकाच वाक्यात राज्यावर सोपविली, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने झाडाला छेद देण्यासही परवाना आवश्यक केला. पाकिस्ताननेही १९७७ मध्ये मुसलमानांसाठी मद्यबंदी जारी केली. तेव्हा एका झाडाच्या रसाचे जीवनसत्त्व कायद्याच्या, घड्याळाच्या आणि तापमानाच्या अधीन आहे; त्यास ‘भारताचे दरडोई क जीवनसत्त्व’ असे नाव देऊन टाकणे हा हिशेबनिसाचा आळस आहे.

येथे एक आक्षेप रास्त आहे आणि त्यास उत्तर दिले पाहिजे. कोणी म्हणेल की सरकारे राष्ट्रनिहाय असतात, कायदे राष्ट्रनिहाय होतात, तेव्हा तुलनाही राष्ट्रनिहायच व्हावयास हवी. आणि वनस्पती तुपाचे उदाहरण तो पुढे करील. भारताने १९५० च्या दशकात वनस्पती तुपात अ जीवनसत्त्व घालणे सक्तीचे केले, पाकिस्ताननेही १९६० च्या दशकातील शुद्ध अन्नविषयक नियमांत तसेच बंधन घातले, आणि गरिबाच्या कढईपर्यंत ते जीवनसत्त्व एका हुकुमासरशी पोहोचले. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्यास तो पूरकच आहे. वनस्पती तुपाचा हुकूम यशस्वी होऊ शकला, कारण तो कारखान्यातील डब्याला बांधलेला होता, त्यात ‘वाटेल त्याने घालावे’ अशी मुभा नव्हती, आणि ते तूप गरिबाच्या घरी जसेच्या तसे पोहोचत होते. राष्ट्रांची तुलना करावयाचीच असेल तर ती त्यांच्या सरासरीची न करता त्यांच्या बंधनांची करावी: कोणी काय सक्तीचे केले, ते कोणत्या वस्तूत केले, आणि ती वस्तू सर्वांत गरीब माणसाच्या तोंडापर्यंत न बदलता जाते काय. या कसोटीवर ऐच्छिक पुरवणीचे दूध नापास होते, आणि शेजारच्या देशातील सुट्या दुधाची व्यवस्थाही नापास होते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगावयास हवी. आपण दुधात अ आणि ड घालतो, कारण ती घालणे सोपे आहे. परंतु वर उल्लेखिलेल्या भारतीय पोषण पाहणीत किशोरवयीन मुलामुलींत सर्वांत ठळक आढळलेल्या कमतरता फोलेटच्या आणि बी-१२ च्या आहेत, अनुक्रमे ३७ आणि ३१ टक्के. फोलेट हिरव्या पालेभाज्यांतून आणि डाळींतून येते. कोणतेही लोकप्रिय पेय ते पुरेसे देत नाही. बी-१२ शाकाहारी घरात जवळजवळ केवळ दूध-दही-ताकातून येते, आणि दोनशे मिलिलिटर दुधात ते पाऊण मायक्रोग्रॅमच्या आसपास असते, तर दिवसाची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅम. कटिंगमधील दुधाने ही गरज भागविणे अशक्य आहे. त्यास पेलाभर दूध किंवा वाटी-दोन वाटी ताक-दहीच हवे. म्हणून पेयाकडे जीवनसत्त्वांचे कोठार म्हणून पाहण्याची सवय सोडावी, आणि ते आपल्या जेवणास साहाय्य करते की अडथळा आणते, हा प्रश्न आधी विचारावा. जेवणाबरोबर लिंबू पिळलेले पाणी भाजीतील लोह शोषण्यास मदत करते, जेवणाबरोबरचा चहा तेच लोह अडवितो. दोन्ही पेये जवळजवळ सारख्या दामात मिळतात, आणि त्यांच्यातील निवड कोणत्याही सरहद्दीपेक्षा अधिक परिणामकारक आहे.

यातून जे कर्तव्य निष्पन्न होते ते अवघड नाही. ज्या दुधातून कायद्याच्या संमतीने स्निग्धांश काढला जातो त्यात काढलेले जीवनसत्त्व परत घालणे हे दूधसंस्थांच्या मर्जीवर न ठेवता बंधनकारक करावे. घेतलेले परत करणे यास औदार्य म्हणत नाहीत. कल्याण-डोंबिवलीच्या महापालिका शाळांत साखरेच्या भुकटीऐवजी ताकाचा पेला द्यावा, म्हणजे संकलन केंद्राने नकळत थांबविलेली ताकाची वाटी निदान मुलांपुरती तरी पुन्हा सुरू होईल. भारत आणि पाकिस्तान यांच्या पोषण पाहण्यांनी रक्ताच्या मोजणीसाठी एकच मर्यादा ठरवावी, कारण १२ आणि २० या दोन आकड्यांत जितके राजकारण मावते तितके विज्ञान मावत नाही. आणि वाचकाने स्वतःपुरते एवढे करावे की सकाळ-संध्याकाळचा चहा जेवणापासून तासभर दूर ठेवावा, जेवताना लिंबू पिळावे, आणि पिशवी विकत घेताना तिच्यावरील पुरवणीचे चिन्ह पाहावे. हे झाले नाही, तर दूध कितीही कोटी टनांनी वाढो, सरासरीच्या शर्यतीत दिल्ली जिंको वा इस्लामाबाद जिंको, मुलांच्या रक्तातील तूट तशीच राहील. आणि ती तूट तशीच असेतोवर पुढे असल्याचा दावा करण्याचा अधिकार या दोघांपैकी कोणासही नाही.